आवाज आला तरच कळ दाबा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधार माननीय आबासाहेब, शाळेचे मुख्याध्यापक आदरणीय चनबसप्पा सर, दहावीच्या वर्गशिक्षिका सोनाली मॅडम, व्यासपीठावरचे सर्व गुरुजन, समोर बसलेले पालक बंधू आणि भगिनी, आणि ज्यांच्यासाठी हे सभागृह सजलं ती माझी दहावीची नातवंडं, तुम्हा सगळ्यांना गोजरबाईचा मनापासून नमस्कार.

इथपर्यंतचं माझ्या नातीनं, उत्कर्षानं, लिहून दिलंय. मोठ्या अक्षरांत दोन पानं आहेत. माझी शाळा माळशिरसला दुसरीपर्यंत झाली, पण एवढं मोठं अक्षर असलं की वाचता येतं. माझं सगळं ‘हाय’ तिनं ‘आहे’ केलंय आणि ‘न्हाय’ला ‘नाही’ केलंय. तेव्हा बोलता बोलता एखादं हाय सुटलंच, तर ते कागदावरचं नाही, माझं आहे असं समजा.

सोनाली मॅडम घरी आल्या आणि म्हणाल्या, आजी, पालकांतर्फे तुम्ही बोलायचं. मी म्हटलं, मी काय बोलू? तर म्हणाल्या, दहा वर्षं पालकसभेला एकही खाडा नसलेलं माणूस तुम्हीच. ते खरं आहे. माझी सून अंकिता अंगणवाडीत सेविका आहे, तिला सुट्टी मिळत नाही. मुलगा शिवराज सात रस्ता चौकात पंप दुरुस्तीच्या दुकानात. मग सभेला मीच यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि मॅडम काही म्हणाल्या की मान हलवायची. आता खरं सांगायला हरकत नाही. मॅडम, त्यातलं निम्मंही मला ऐकू येत नव्हतं. मी तुमचे ओठ बघून मान हलवत होते.

हसू नका. ही सवय कारखान्यातली आहे. टॉवेलच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं होते. तिथं मागांची एवढी खडखड असते की शेजारणीनं हाक मारली तरी पोचत नाही. सगळ्या बायका ओठ बघूनच बोलायच्या. तेलुगू, कन्नड, मराठी, ओठांवर सगळं सारखंच दिसतं. आणि मालक, मागांवर देखरेख करणारा जॉबर, मोठं कुणी समोर येऊन काही बोललं, तर ऐकू येवो न येवो, आमचं उत्तर एकच, ‘व्हय’.

या व्हयानं माझं काय झालं ते सांगते. मी नवीन होते. टॉवेलवरून हात फिरवला की तुटलेला धागा माझ्या बोटाला आपोआप लागायचा, बघावंही लागायचं नाही. मला वाटायचं, आपल्याला तपासणीला घालावं. एक दिवस नरसय्या मालक मागाजवळ आले, माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाले. त्यांच्या मिशा मोठ्या, ओठ काही दिसेनात. मी म्हटलं, व्हय मालक. ते गेले. दुसऱ्या दिवशी मला घड्या घालायला बसवलं. शेजारणीला जॉबरकडून कळलं होतं, ती म्हणाली, ‘अगं गोजरे, काल मालकांनी विचारलं की, तपासणी करतीस का घड्याच बऱ्या? तू व्हय म्हणालीस.’

सव्वीस वर्षं घड्या घातल्या. काम वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. घडी घालता घालता बोटाला धागा लागला की मी तो टॉवेल गुपचूप बाजूला काढायची आणि तपासणीवाली माझ्यावर चिडायची. पण मालकांना पुन्हा जाऊन ‘काल मला ऐकू आलं नव्हतं’ एवढं सांगायचं धाडस मला झालं नाही. आज नरसय्या मालक असते तर त्यांना सांगितलं असतं, पण ते आता नाहीत.

कुठून कुठं गेले मी. दुसऱ्या पानावर काय आहे बघते. ‘शाळेच्या देखण्या इमारतीबद्दल.’ इमारत तुम्ही बघताच आहात, चांगली आहे. पुढं जाऊ.

मॅडमनी दहावीच्या सगळ्या मुलांना एक कागद दिलाय. दहावीनंतर काय करणार ते लिहायचं आणि खाली पालकांची सही. समारंभ संपायच्या आत तो परत द्यायचा आहे. आमचा कागद माझ्या या पिशवीत आहे आणि त्यावर अजून सही नाही. का नाही, ते मी सांगणार आहे. उत्कर्षाला विचारून सांगते आहे बरं का. ती म्हणाली, आजी, मला घरात बोलायला जमत नाही, तू माईकवर बोलशील का? बघा आता. घरात जमत नाही म्हणून पाचशे माणसांत.

दिवाळीनंतर शाळेनं मुलांची कल चाचणी घेतली. साठ प्रश्न. अमुक काम करायला आवडेल का, तमुक आवडेल का, त्यावर खूण करायची. मग यंत्रातून कागद निघतो, त्यावर रंगीत खांब. ज्या कामाचा खांब उंच, तिकडं मुलाचा कल. उत्कर्षाचा कागद आला तर सातही खांब एकसारखे, शेतात कुंपणाला पट्ट्या लावाव्यात तसे. तिची मैत्रीण म्हणाली, तुझा तर कुठंच कल नाही.

चार दिवस पोरीनं नीट जेवण केलं नाही. मी विचारलं, काय झालं गं? ती माझ्या डाव्या बाजूला बसलेली, तो कान जरा जास्तच गेलेला. म्हणाली, ‘आजी, मला कलच नाही.’

मी ऐकलं, कळ नाही. मी म्हटलं, ‘मग बरं हाय की. मला गुडघ्यात दोन हायत, त्यातली एक घेतीस का?’

चार दिवसांनी हसली. आणि हसता हसता रडायला लागली. तेव्हा मला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे.

शिवराजनं त्याआधीच लातूरच्या क्लासला सांगून ठेवलं होतं. डॉक्टर करायचं. तो इथंच बसलाय, तिसऱ्या रांगेत, निळा शर्ट. शिवराज, मी तुझी तक्रार करत नाही रे. हा मुलगा फार गुणाचा आहे. पोरीसाठी टेंभुर्णीपासून अक्कलकोटपर्यंत कुणाचाही पंप बंद पडो, हा निघतो. आणि तिला विचारत नाही असंही नाही, विचारतो की. पण कसं विचारतो? दुकानातून आल्या आल्या, हात धूत, नळ चालू, टीव्ही चालू. ‘लातूरचं ठरलं ना?’ असं विचारतो. आता या प्रश्नाला दुसरं कुठलं उत्तर बसेल? ती म्हणायची, हो बाबा. मला तिचे ओठ दिसायचे. मीही समजायची, हो म्हणाली, मिटलं.

मधल्या काळात माझ्या कानाचं निघालं. दरवाज्यात कुरियरवाला अर्धा तास घंटी दाबत होता आणि मी आत शेंगा निवडत होते. मग उत्कर्षा मला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं सबिहा मॅडम म्हणून तपासणाऱ्या बाई होत्या. गोड बोलायच्या, पण तोंडाला मास्क. ओठ झाकलेले. त्यांनी काय काय समजावलं, मी व्हय व्हय म्हटलं. मग मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर जाड काहीतरी घातलं आणि हातात एक कळ दिली. हल्लीची मुलं बटण म्हणतात. आम्ही विजेच्या बटणालाही कळच म्हणायचो.

मी बसले. काही ऐकू येईना. काचेपलीकडं सबिहा मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, बिचारी एवढा वेळ ताटकळली आहे, दाबलं नाही तर तिला वाईट वाटेल. मी दाबलं. तिनं मान वर केली. मला वाटलं, आवडलं तिला. मग मी थोड्या थोड्या वेळानं दाबतच राहिले.

बाहेर आले तर सबिहा मॅडम कागदाकडं बघून चक्रावलेल्या. मास्क खाली करून म्हणाल्या, ‘दादीमाँ, मी आवाज सोडलाच नव्हता, तेव्हा पण दाबलात तुम्ही. या कागदावर तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.’

मी म्हटलं, ‘तुमाला बरं वाटावं म्हनून दाबलं की.’

सबिहा मॅडम हसल्या. पण उत्कर्षा हसली नाही. माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, माझे दोन्ही हात धरले आणि अगदी सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाली, ‘आजी, आवाज आला तरच कळ दाब. नाही आला तर नको दाबूस. मधे मधे त्या मुद्दाम गप्प राहतात. तेव्हा गप्प बसणं हेच बरोबर उत्तर असतं.’

सबिहा मॅडम म्हणाल्या, ‘आणि अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. बारीक आवाजच महत्त्वाचा.’

दुसऱ्यांदा बसले. या वेळी मी बराच वेळ काहीच दाबलं नाही. एवढा वेळ कुणाला होय न म्हणता बसायची ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. खरा रिपोर्ट आला, यंत्र मिळालं. हे बघा, कानामागं. बारा दिवस झाले.

यंत्र लावल्यावर लई गमती झाल्या. माझ्याच बांगड्यांनी मी दचकले. आमची शेजारीण एवढी वर्षं मला हळू आवाजात काय काय म्हणत होती तेही कळलं, ते इथं सांगत नाही, ती आली आहे.

पण त्याच दिवशी संध्याकाळी शिवराज आला. हात धुतले. विचारलं, ‘लातूरचं ठरलं ना?’ उत्कर्षा म्हणाली, ‘हो बाबा.’

तो हो मी पहिल्यांदा ऐकला. एवढे दिवस नुसता बघत होते. ओठांवर तो हो चांगला धडधाकट दिसायचा. कानात आला तेव्हा त्यात जीवच नव्हता. दमलेल्या माणसानं पिशवी खाली ठेवावी तसा होता तो.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘खरं सांग, आवाज आला व्हता का तुला?’

ती लगेच समजली. म्हणाली, ‘नाही आजी. मी नुसती कळ दाबली.’

आणि मग तिनं त्या कल चाचणीचं सांगितलं. साठच्या साठ प्रश्नांना तिनं ‘आवडेल’ अशी खूण केली होती. मी विचारलं, असं का गं? म्हणाली, ‘प्रत्येक काम कुणीतरी करतंच ना आजी. नाही आवडत म्हटलं तर बरं दिसत नाही. आणि बाबांनी कागद बघितला असता.’ म्हणून ते खांब सारखे. आजी काचेच्या खोलीत आणि नात वर्गात, दोघी समोरच्याला बरं वाटावं म्हणून दाबत बसलेल्या. मालकांना मी दिलेला व्हय असा दोन पिढ्या ओलांडून हिच्यापर्यंत येऊन पोचला असेल, हे मला कधी वाटलं नव्हतं.

सोनाली मॅडम, तुमचे उपकार. तुम्ही तिला दुसरा कोरा कागद दिलात. या वेळी तिनं घाई केली नाही. सहा खांब पार बसले. एकच उभा राहिला आणि तोही बुटका. माणसांना समजावून सांगायचं, त्यांची देखभाल करायची, असं काहीतरी त्याखाली लिहिलंय. मी म्हटलं, म्हणजे काय गं? तर म्हणाली, ‘आजी, त्या काचेच्या खोलीत जायच्या आधी मास्क काढून समजावणारं कुणीतरी पाहिजे होतं. मला ते सारखं आठवतं. त्याचं शिक्षण असतं म्हणे. पण नक्की नाही. बारीक आवाज आल्यासारखं वाटतं फक्त.’

ती सबिहा मॅडमना विचारून आली. त्याला बारावीला शास्त्र लागतं. डॉक्टरकीलाही तेच, म्हणजे अभ्यास चुकत नाही, शिवराज. पण ते इथं राहून करायचं की लातूरला, आणि तिथं जायचं तर कशासाठी, हे तिला अजून ऐकायचं आहे. उद्या तिला वाटेल, हे नव्हे, दुसरंच काहीतरी. वाटू दे. पंधरा वर्षांच्या पोरीला सगळं आजच कसं ऐकू येईल?

माझ्या नातवंडांनो, मी तुम्हाला कुठल्या शाखेचं सांगणार? मला शाखा म्हणजे झाडाची माहीत. पण कुणी विचारलं आणि आत काहीच वाजलं नाही, तर ‘अजून आवाज आला नाही’ असं म्हणायला लाजू नका. ते नापास होणं नसतं. मात्र बारीक का होईना आवाज आला, तर दाबायला घाबरू नका. मी घाबरले होते.

आणि पालकांनो, आपण विचारतो तेव्हा निदान नळ तरी बंद करावा.

आता हा कागद. उत्कर्षानं त्यावर पेन्सिलनं लिहिलंय, ‘शास्त्र. पुढचं अजून ऐकते आहे.’ सही कर, असं मी म्हणत नाही, शिवराज. एकदा विचार तिला. लातूरचं नाव न घेता विचार. आणि तिचं उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न विचारू नकोस.

उठलास का? बाहेर नको जाऊस रे, मी... अच्छा. पुढं चाललाय. मुलींच्या रांगेत. सरक गं बाळ, जागा दे त्याला. बसला.

पंख्यांचा आवाज फार आहे, यंत्रात नुसती घरघर येते. पण डोळे अजून चांगले आहेत माझे. त्याचे ओठ दिसले मला. ‘सांग’ म्हणाला, एवढंच.

ती बोलत नाही अजून. आणि तो थांबलाय. आबासाहेब, बघा, थांबलाय.

अध्यक्ष महाराज, आपण मला पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते घड्याळाकडं बघून कळतंय. शाळेनं, सरांनी, मॅडमनी माझ्या नातीला दहा वर्षं सांभाळलं, त्याबद्दल हात जोडते. इमारतीचं वाचायचं राहिलं, ते उत्कर्षाच्या नावावर धरू नका, तिनं छान लिहिलं होतं. अडाणी बाईच्या तोंडून काही कमीजास्त गेलं असेल तर पोटात घाला. आणखी दोन शब्द बोलणार होते, पण तिकडं आता कुणीतरी बोलायला लागलंय. म्हणून मी थांबते.