काळा पडदा आणि चंदनाताई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय महावीर उपाध्ये साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, लॅपटॉप सेवा केंद्राच्या प्रमुख म्हणून ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या चंदनाताई मगदूम, त्यांची जागा घेणारे अरिहंतजी आणि सभागृहातल्या बंधू-भगिनींनो,

मी संयोगिता देसाई. ना व्यापारी, ना इंजिनीअर. ताईंच्या केंद्रात सारखं येऊन भांडणारं एक गिऱ्हाईक. तरी संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, हा त्यांचा मोठेपणा की चूक, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

माझे पती आदर्श चंदगडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. धो धो पावसातही त्यांची पुकारणी पार टोकापर्यंत ऐकू जायची. मग स्नायू निकामी करत जाणारा आजार जडला. आधी हात गेले, मग वाचा. वाचा जाण्याआधी त्यांनी आपला आवाज लॅपटॉपमध्ये साठवून ठेवला. आता ते पडद्यावरच्या अक्षरांकडे बघतात, कॅमेरा नजर टिपतो आणि यंत्र त्यांच्याच आवाजात बोलतं. 'कफ काढ', 'मान सरळ कर', आणि कधी 'आमटी करपली बघ' सुद्धा!

मग भांडण कसलं, असं तुम्ही म्हणाल. एके दिवशी पडद्यावर रेघा उमटल्या आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. थोड्या वेळानं यंत्र सुरू झालं, पण तेव्हापासून हे बोलायला लागले की मी हातातलं काम टाकून पडद्याकडे बघत राहायची. एवढं वाक्य तरी पुरं होईल ना?

ताईंनी सांगितलं, या मॉडेलची ग्राफिक्स चिप, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भागच, सदोष निघालाय. वॉरंटी संपली असली तरी कंपनी तेवढ्यापुरती मुदत वाढवून देते. मात्र अट अशी, की बिघाड केंद्राच्या माणसाला डोळ्यांनी दिसला पाहिजे. आणि आमचं यंत्र केंद्रात आणलं की शहाण्यासारखं चालायचं! तिथला कारागीर म्हणायचा, "वहिनी, चालतोय की!" मी यंत्र घट्ट धरून रिक्षात बसायची. ह्यांची वाचा माझ्या मांडीवर, आणि हे घरी मुके. मधल्या वेळात काही झालं तर सांगणार कसे?

शेवटी ताई म्हणाल्या, "इथं दिसत नसेल, तर मी घरी येऊन बसते." आल्या. चहा झाला. हे त्यांच्याशी बोलू लागले, "ताई, तुमचं गाव..." आणि पडदा काळा.

नेमका तेव्हाच ह्यांना कफ दाटला. चेहरा काळानिळा पडला. मी स्वयंपाकघरात. माझ्या सासूबाई, आमच्या आक्का, ओरडल्या, "आगं, तहान लागलीया त्येला!" आणि पाण्याचा पेला घेऊन धावल्या. मंडळी, तो घोट श्वासनळीत गेला असता तर? तो विचार मी आजही मनात पुढं जाऊ देत नाही.

ताईंनी आक्कांचा हात धरला. "आक्का, थांबा! ते डोळ्यांनी नको म्हणाय लागलेत!"

मी धावत आले, कफ ओढायची नळी लावली. श्वास मोकळा झाला. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी कंपनीला फोन लावला. "बिघाड मी बघितलाय. त्यानं काय होतं तेही बघितलंय."

ती चिप ज्यावर बसवलेली असते, तो मदरबोर्ड बदलून मिळाला. तोवर दुसरं यंत्र द्यायची कंपनीत सोय नाही, म्हणून ताईंनी स्वतःचा लॅपटॉप आमच्याकडे ठेवला. ह्यांचा आवाज त्यात उतरवताना तो पुसला जाईल या धास्तीनं मी पदर दातात धरून उभी होते. पहिला शब्द ऐकू आला आणि आक्का रडल्या, "आलं गं माझं लेकरू!"

सगळं गोड झालं, असं म्हणून मला खाली बसता आलं असतं. पण नवा बोर्डही त्याच सदोष जातीचा आहे, हे ताईंनी माझ्यापासून लपवलं नाही. अरिहंतजी, ताईंची नाशिकला बदली झाली, माझी भीती मात्र इथंच राहणार आहे. उद्या मी तुमच्या दारात आले आणि यंत्र तिथं नीट चाललं, तर मला परत पाठवू नका. घरी या.

ताई, तुमचे उपकार शब्दांत मावत नाहीत. अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी, आपलेही आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. जेवणाला थांबत नाही, याचाही राग मानू नका. मगाशी घरी आक्कांना फोन केला, तेव्हा मागं ह्यांचा आवाज ऐकू आला नाही. झोपले असतील. पण जाऊन बघायला हवं.