सातव्या होलची घंटा

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर धुकं दाटलं होतं. गोल्फच्या सरकारी मैदानाबाहेर, तिकीट खिडकीच्या रांगेत एफी तिसरी होती. पुढचे दोघं बोलत होते.

“निनियनकाका, इतक्या अवघड मैदानावर खेळण्यात अर्थ आहे का?”

“सातव्या होलसाठी यायचं. ते टेकाडाआड आहे. आपल्या आधीचे खेळाडू तिथून निघाले की घंटा वाजवतात, मगच आपण चेंडू मारायचा.”

“पण आज आपणच पहिले!”

“मी रोजच पहिला असतो.”

“मग घंटा कोण वाजवतं?”

“माझा भाऊ. एकदाच मी घंटेआधी चेंडू मारला. तो अजून टेकाडाआडच होता. चेंडू डोक्यात बसून तिथंच गेला.”

“अरे देवा!”

“तेव्हापासून तो एकदाही घंटा वाजवायचा राहिला नाही.”

धुक्यात दूर घंटा वाजली.

“या दोघांबरोबर तिसरं कोण?” तिकीट खिडकीतल्या माणसाने विचारलं.

एफीने मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.