हेडमास्तरांची हजेरी

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. परीक्षा त्यांचीच होती. त्यांची सून उजळणी घेत होती.

“आई, कादंबरीतली सपाट व्यक्तिरेखा कोणती?”

“गाइड म्हणतं, हेडमास्तर. युद्ध संपून शाळा पुन्हा उघडते, तरी शेवटपर्यंत त्यांचं एकच पालुपद, ‘रांग मोडू नका.’”

“बरोबर. तेवढंच सांगा.”

“मुळीच नाही. अगं, ते रोज हजेरीत जास्तीची नावं घेतात. म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हणून पोरं हसतात. ती युद्धात मेलेल्या मुलांची नावं आहेत, हे आपल्याला कळतं, पोरांना नाही. हाच उपरोध ना?”

“हो, पण परीक्षकांना नाही पटलं तर?”

“पटवीन की! तुझे सासरे गेले तेव्हा वर्षभर मी काय बोलत होते?”

“‘चला, कामाला लागा.’ एवढंच.”

“मग मी सपाट वाटले तुला?”

“...वाटलात, आई.”

“वाटणारच. धर हे गाइड, माझी हाक आली.”

त्या दार ढकलून आत गेल्या. सुनेनं गाइड पिशवीत टाकलं आणि कादंबरी पहिल्या पानापासून उघडली.