दारातली बादली आणि आमचे आप्पा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमदार आप्पा, आमच्या वहिनी, आणि समोर बसलेल्या मतदार बंधू-भगिनींनो! बंधू-भगिनी म्हणतोय खरा, पण तुमच्यातल्या बहुतेकांनी मला कायम सावत्रच मानलं.

आप्पांविरुद्ध दर वेळी उभा राहून दर वेळी पडलेला तो मीच. पडलेल्याने पाडणाऱ्याचं कौतुक करायचं, ही कल्पना संयोजकांची की आप्पांची? हसताय आप्पा, म्हणजे तुमचीच.

माझ्यामागे पक्ष होता, गाड्या होत्या, ठरलेलं चिन्ह होतं. आप्पा अपक्ष. यांना दर निवडणुकीला नवं चिन्ह, तेही सगळ्यांनी घेऊन उरलेलं. पहिल्यांदा बादली मिळाली तेव्हा आम्ही कार्यालयात पोट धरधरून हसलो. दोन दिवसांनी बघतो तर काय, गल्लीगल्लीत बायकांनी दाराबाहेर बादल्या पालथ्या घातलेल्या, आप्पांना बसायला! आणि हे बसायचे हो! गटाराचं, नळाचं, सगळं ऐकून घ्यायचे. मी आपला गाडीच्या टपावरून हात जोडत पुढे. घरी आलो, तर आमच्याही दारात बादली. बायकोला म्हटलं, "ही काय भानगड?" म्हणते, "नळाला पाणी नाही. तुम्हाला सांगून सांगून थकले." पुढे यांची चिन्हं बदलली, बादली मात्र दारातून हलली नाही. निवडून आल्यावरही हे येऊन बसतच राहिले.

खोटं कशाला बोलू? जळतो मी यांच्यावर. आजही जळतो. पाय मोडून दवाखान्यात पडलो होतो, तेव्हा पक्षातलं कुणी फिरकलं नाही. आले कोण? हेच. आणि आले ते आले, माझ्याच खाटेवर बसून अख्ख्या वॉर्डाच्या तक्रारी ऐकल्या! मला कसं वाटतंय, हे विचारायला नर्सला वेळ नाही. तीही रांगेत.

यंदा आप्पा थांबणार म्हटल्यावर मी नवा सदरा शिवून घेतला. म्हटलं, आता तरी आपली पाळी. आणि काल पक्षाने तिकीट दिलं एका कारखानदाराच्या जावयाला. त्याला इथला एक रस्ता माहीत असेल तर शपथ! तेव्हा जाहीरच करतो, मी अपक्ष लढणार.

आप्पा, एकट्यात विचारायला माझी जीभ रेटणार नाही, म्हणून सगळ्यांसमोर विचारतो. माझ्याबरोबर दारोदार याल?

अरे वा, टाळ्या! माझ्या वाक्याला आयुष्यात पहिल्यांदा... थांबा. मागे आप्पा उठलेत होय! तरीच म्हटलं. काय म्हणता? "येतो, पण गाडी घरी ठेवायची." ऐकलंत वहिनी? झालं! आता पडलो तर मी पडलो, आणि निवडून आलो तर आप्पांनी आणला.

असो. चालेल मला. बोलायला बोलावलंत, संयोजकांचे आभार. पोटातलं ओठावर आलं असेल, तर ते तुमच्या पोटात घाला. आणि उद्यापासून दारात दोन बादल्या ठेवा, एवढीच विनंती.