आतड्याला गोंद की टाका?

सुतार : ...म्हणून म्हणतो डॉक्टर, शिवत बसू नका. कुत्र्याचं आतडं ते, त्यात सुईनं आणखी भोकं कशाला? चिकटवा. ही घ्या, माझी ट्यूबच आणलीय.

डॉक्टर : काका, खिशात ठेवा ती. लाकडाची आहे.

सुतार : पण धरते हो घट्ट!

शिंपीण : धरते म्हणे! माझा भाऊ तुमच्या खुर्चीत बसला, तर बैठक त्याच्या पँटला चिकटून वर आली नि पाय राहिले खाली. डॉक्टर, नवऱ्याचं माझ्या ऐकू नका. तुम्ही टाकेच घाला. दुहेरी दोरा, चांगले करकचून!

डॉक्टर : करकचून आवळलं तर रक्त पोचत नाही, कड कुजते. बेतानंच ओढायचा. आणि दोरा मी विरघळणारा वापरते.

शिंपीण : विरघळणारा? अगं बाई! असं ब्लाउज शिवून दिलं, तर गिऱ्हाईक मला फाडून खाईल.

सुतार : बघ! तुझा दोरा ऐन वेळी पळ काढणार.

डॉक्टर : तो विरघळेपर्यंत आतडं जुळून येतं. काका, शरीराला चालणारा गोंद असतो, कातडीला मी लावतेही. पण आतडं सतत ओलं, सतत हलतं. तिथं नुसत्या गोंदावर सोडायला मी धजत नाही. उसवलं तर घाण पोटात पसरेल, मग कुत्रं हाती लागायचं नाही. त्यानं गिळलेला तुमचा मोजा आत अडकून आधीच उशीर झालाय. करू ना सुरू?

सुतार : तूच सांग गं.

शिंपीण : करा डॉक्टर. शिवा.

(ऑपरेशननंतर, दवाखान्याच्या त्याच खोलीत. कुत्रं टेबलावर.)

डॉक्टर : निघाला मोजा. शिवल्यावर आतड्यात पाणी भरून दाबून पाहिलं, थेंबही गळला नाही. तरी चार-पाच दिवस जीव मुठीत धरायचा.

सुतार : वाचेल ना हो? खरं सांगा. नाहीतर खोटं सांगा, पण वाचेल म्हणा.

शिंपीण : गप्प बसा हो! डॉक्टर, हे याला घेऊन आले तेव्हा मीच म्हणाले होते, घरात एक तर कुत्रं राहील नाहीतर मी.

सुतार : दोघंही राहिले.

शिंपीण : बघू द्या ना मला. अगं आई, काय तोंड सुकलंय! भुक्कड, ए राजा, मी आलेय रे.

डॉक्टर : बघा, ओळखलं. शेपटी हलवतोय.

शिंपीण : नको रे हलवू बाळा, टाके ओढतील.