बाराच्या आत

(लातूर. क्लासच्या मुलींच्या मेसचं स्वयंपाकघर, दुपारचे तीन. सासू सिंधुबाई पोळ्या लाटतेय, सून सुकन्या तव्यापाशी.)

सिंधुबाई : म्हणजे नांदेडची डॉक्टरीण बी न्हाईच म्हणली?

सुकन्या : न्हाई असं नाही म्हणाल्या. आशा धरून बसू नका म्हणाल्या.

सिंधुबाई : एकच झालं की. दुसऱ्या लेकरापायी पाच वर्षं झाली, माहूरचा गड चढून झाला, नांदेड झालं. खोट काय हाय म्हणं तरी?

सुकन्या : सिझरच्या टाक्यापाशी पिशवी पोटाला चिकटलीय. नळ्याही ओढल्या गेल्यात.

सिंधुबाई : शेजारच्या कोंडाबाईच्या सुनेचं बी सिझरच झालं. तिला वरून दोन झाली.

सुकन्या : तेच विचारलं मी. त्या म्हणाल्या, कित्येकींना होतात. काहींना उशीर लागतो, काहींना होतच नाही. सिझरमुळंच झालं असं छातीठोक कुणी सांगणार नाही. पण पहिल्या खेपेला आपली आपण मोकळी झाली असतीस तर हा टाका नसता, अन् ही जागा चिकटली नसती.

सिंधुबाई : आता काय बोलावं. तुला कळा सोसवल्या न्हाईत, त्याला कोण काय करणार.

सुकन्या : पोळी द्या. तवा जळून राहिलाय.

सिंधुबाई : राग आला का? मी आपलं खरं तेच म्हणले.

सुकन्या : सहा वर्षं ऐकून राहिले मी. हळदीकुंकवाला, बारशाला, जिथं बाया जमतील तिथं. आमच्या सुनेच्या अंगात दम न्हाई, बाळाचे ठोके कमी झाले, म्हणून कापावं लागलं. मलाही तेच वाटायचं आत्याबाई. आरशात बघितलं तरी वाटायचं, या बाईला साधं बाळंत होता आलं नाही.

सिंधुबाई : असं कुठं म्हणतंय कुणी.

सुकन्या : नांदेडच्या बाईंनी पहिल्या बाळंतपणाची फाईल मागितली होती. आज सकाळी त्या दवाखान्यात जाऊन घेऊन आले.

सिंधुबाई : इतकी जुनी फाईल ठिवतात व्हय?

सुकन्या : ठेवतात. लाटा तुम्ही, थांबू नका. पोरी सातला ताटं घेऊन उभ्या राहतात.

सिंधुबाई : लाटते की.

सुकन्या : दर अर्ध्या तासाला ठोके लिहिलेत. एकशे चाळीस, एकशे बेचाळीस. एकदाही कमी नाहीत. शेवटी लिहिलंय, नातेवाइकांच्या आग्रहावरून सिझर. खाली तुमची सही.

सिंधुबाई : माझ्या हरिओमनं वाचली का?

सुकन्या : नाही अजून. आधी तुम्हाला विचारायचं होतं.

सिंधुबाई : पीठ संपत आलं. दुसरं मळावं लागतंय.

सुकन्या : आत्याबाई.

सिंधुबाई : मला काय विचारती? फाईलवर तारीख बघ की.

सुकन्या : एकोणतीस सप्टेंबर. रात्री अकरा वाजून दहा मिनिटं.

सिंधुबाई : डॉक्टरीणबाई म्हणल्या, समदं ठीक हाय, थांबा, पहाटं मोकळी व्हईल. पहाटं! तीस तारखेच्या पहाटं!

सुकन्या : भूकंपाची तारीख.

सिंधुबाई : हाव.

सुकन्या : तुमची दोन लेकरं भूकंपात गेली एवढंच ठाऊक आहे मला. तुम्ही कधी बोलला नाही.

सिंधुबाई : काय बोलू? गणपती बुडवून आलो. निवृत्ती आन् मुक्ता घास तोंडात असतानाच झोपी गेले. पहाटं मी लोटा घेऊन भाईर गेले. माघारी आले तर घर न्हवतं, नुसते दगड. निवृत्तीचा हात गावला आधी. त्याला गुलाल होता अजून.

सुकन्या : (तव्याखालचा गॅस बारीक करते.)

सिंधुबाई : त्याच तारखेला माझ्या घरात लेकरू यावं? दरसाली एका हातानं पेढे वाटायचे आन् दुसऱ्या हातानं निवद दाखवायचा? मला न्हाई जमलं बाई. डॉक्टरीणबाईच्या पाया पडले. म्हणलं, काय बी करा, बाराच्या आत काढा.

सुकन्या : अन् मला काय सांगितलं?

सिंधुबाई : तू तयार व्हईना. म्हणून म्हणले, बाळाचे ठोके कमी झालेत. डॉक्टरीणबाई न्हाई म्हणली तसं. मीच म्हणले, तुझ्या कानात.

सुकन्या : मी घाबरून सही केली. म्हणूनच मला भोकरला पाठवलं नाही ना? पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. माझी आई दोनदा न्यायला आली होती.

सिंधुबाई : माहेरी गेली असतीस तर तारीख माझ्या हातात ऱ्हायली नसती.

सुकन्या : एका दिवसासाठी, आत्याबाई. चार तासांसाठी.

सिंधुबाई : मला काय ठावं असं व्हईल? दोन लेकरांवर माझं आपरेशन झालेलं. लेकरं गेली, मग सरकारची गाडी आली, आम्हा बायांना नेलं, कापलेली नस परत जोडली. पोट फाडलं तवाच हरिओम झाला. मला आपरेशननं लेकरू दिलं गं. त्यानं लेकरू जातंय हे कोण सांगणार मला?

सुकन्या : मग दोष मला का दिलात?

सिंधुबाई : एकदा खोटं बोलले, मग तेच बोलत गेले. वाटायचं, दुसरं राहिलं का मिटून जाईल समदं. म्हणून तर मागं लागले हुते तुझ्या. एका लेकरावर माझा जीव ठरत न्हाई. माझं चुकलं सुकन्या. मला माफ कर.

सुकन्या : नका म्हणू ते आत्ता. आत्ता माझ्याच्यानं होणार नाही.

सिंधुबाई : बरं.

सुकन्या : वरच्या मजल्यावर बेचाळीस पोरी रात्रंदिवस घोकून राहिल्यात, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. एकेकीला ताट वाढताना सांगावं वाटतं, कुण्या सासूचं ऐकू नकोस बाई.

सिंधुबाई : सांग. माझं नाव घिऊन सांग.

सुकन्या : परवा आपल्या रेणूचा वाढदिवस. बाया येतील. कोंडाबाई दारातच विचारतील, दुसरं कधी?

सिंधुबाई : मी सांगीन.

सुकन्या : काय सांगाल?

सिंधुबाई : पोरीच्या अंगात दम हुता, मी कापायला लावलं. समद्यांच्या म्होरं सांगीन. हरिओमला तर आजच सांगते.

सुकन्या : बायांना नंतर सांगा, रेणू आत गेल्यावर. वाढदिवस आहे तिचा.

सिंधुबाई : हाव. तिच्या म्होरं न्हाई.

सुकन्या : ही शेवटची पोळी जाड लाटलीत.

सिंधुबाई : ऱ्हाऊ दे, ती मी खाईन. साडेतीन वाजले, रेणूची शाळा सुटंल. आज तू जाती का आणायला? का मी जाऊ?

सुकन्या : रोज तुम्हीच जाता.

सिंधुबाई : तू न्हाई म्हणलीस तर न्हाई जाणार.

सुकन्या : जा. क्लास सुटायची वेळ आहे, पोरं गाड्या अंगावर घालतात. आत्याबाई...

सिंधुबाई : आं?

सुकन्या : हात धरून आणा. एकच आहे ती.