मोरीतून आलेला आवाज

तुम्ही हसाल गं, पण त्या दिवशी मी खरंच घाबरले होते. नागपंचमी होती. आमच्याकडे त्या दिवशी खणत नाहीत, चिरत नाहीत, बिळाला काडीसुद्धा लावत नाहीत. अन् नेमकी कपडे धुताधुता मोरी तुंबली. पाणी चुलीकडे सरकू लागलं, तशी नेम विसरून मी कापसाच्या पऱ्हाटीची काडी मोरीच्या भोकात खुपसली. ती आतून कोणीतरी ओढली!

मी किंचाळले. सासूबाई धावत आल्या.

"काय केलं वं हे? नागोबाले टोचलं? अन् तुले पाचवा महिना!"

मला रडूच फुटलं. पूजेचं वाटीभर दूध मोरीत ओतलं, हात जोडले. "देवा, मले काय करायचं ते कर, पण लेकराले सांभाळ."

सासूबाईंनी तर डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात पाणी भसकन निघून गेलं अन् भोकातून आवाज आला, "भाभी, मोरी मोकळी झाली! पण पाण्यासंगं दूध कायले सोडून राह्यल्या? चहा ठेवा ना!"

शेजारचे सायकलवाले रहीमभाई भिंतीपलीकडून तीच मोरी तारेनं मोकळी करत होते; माझी काडी त्यांच्याच तारेत अडकली होती.

सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "ठेव वं सूनबाई. देवानं मांगतला तं नाही म्हणू नये."